परतीचं तिकीट कोणी फाडायचं?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोकण किनाऱ्यावरचे सर्व जिल्हे,
तसेच जिल्हा नियोजन समित्यांचे सन्माननीय सदस्य

विषय : वृद्धाश्रमात राहणाऱ्यांना दवाखान्यात नेण्या-आणण्याच्या गाडीभाड्याबाबत

महोदय, महोदया,

मी एसटीत ३३ वर्षं कंडक्टर होतो. त्या काळात रोज दोनच प्रश्न विचारले : कुठे जायचं आणि किती जण? पैसे कोण देणार हे विचारायची वेळ सहसा आली नाही, कारण गाडीत चढलेल्या माणसाच्या मुठीत ते असायचेच. आता वय ७८. बायको गेल्यापासून खाडीकाठच्या एका गावातल्या वृद्धाश्रमात राहतो. आम्ही २३ जण आहोत. जेवण बरं असतं, आंब्याच्या दिवसांत तर फारच बरं. आणि जो प्रश्न नोकरीत कधी विचारला नाही, तो इथे आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो : गाडीचे कोण देणार?

गेल्या श्रावणातली गोष्ट सांगतो. आमच्या बायकांच्या खोलीतल्या एक आक्का पहाटे न्हाणीघरात घसरल्या. मॅनेजरने १०८ ला फोन लावला. पाऊण तासात गाडी आली. आमच्याकडची वळणं, त्यात पाऊस. पाऊण तास म्हणजे वेळेवरच म्हणायचं. गाडीत डॉक्टर होते, ऑक्सिजन होता, एक पैसा घेतला नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं, तेही फुकट झालं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. उलट ज्यांनी ही सोय उभी केली त्यांना दुवाच देतो.

नवव्या दिवशी आक्कांना डिस्चार्ज मिळाला. सोबतीला मी गेलो होतो, कारण मॅनेजर बाकीच्यांना टाकून येऊ शकत नव्हता आणि आमच्यात धडपणे जिने चढणारा मी एकटाच. अकरा वाजता कागद हातात पडला. "गाडीची सोय करा आणि न्या," सिस्टर म्हणाल्या. १०८ घरी सोडायला येत नाही, आणि यायलाही नको. आम्हाला सोडायला ती गाडी ४० किलोमीटर आली आणि इकडे कुणाच्या छातीत कळ आली तर? तेव्हा फाटकाबाहेर उभ्या असलेल्या खासगी रुग्णवाहिकेकडे गेलो. त्याने साडेचार हजार सांगितले. आक्कांच्या मुलाला डोंबिवलीला फोन केला. तो बिचारा कामावर होता. म्हणाला, "काका, मी आश्रमाचे महिन्याचे भरतो ना, त्यात येत नाही का?" मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, प्रवेशाच्या फॉर्मवर लिहिलंय, औषधपाणी नातेवाइकांकडे. मग पुन्हा आत जाऊन योजनेच्या टेबलावर विचारलं. तिथला मुलगा सभ्य होता. त्याने संगणकात पाहिलं आणि सांगितलं की पॅकेज उपचाराचं आहे, रुग्णवाहिकेचं नाही.

आपापल्या कागदाप्रमाणे तिघांचंही बरोबर होतं. आक्का तेवढ्या बाकावर बसून होत्या. बसून म्हणजे एका कुल्ल्यावर. मांडीवर एक्स-रेची पिशवी, ती पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर हात.

साडेतीनला एक सहा आसनी मिळाली. आक्कांना मागच्या बाकड्यावर आडवं केलं, माझी शाल घडी करून पायाखाली दिली. ड्रायव्हरने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "आडवं माणूस म्हणजे तीन सीट." मला त्याचा राग आला नाही. मीही एके काळी बाकड्यावर फणसाची पाटी ठेवली म्हणून लोकांकडून लगेज घेतलंय. स्पेशल भाड्याचे बाराशे ठरले. आक्कांच्या बटव्यातून नऊशे निघाले, तीनशे मी घातले. वाटेत प्रत्येक गतिरोधकाला त्या माझं मनगट आवळायच्या. बांगडीचा वळ दोन दिवस गेला नाही.

सहा आठवड्यांनी दाखवायला बोलावलं होतं. आक्का गेल्या नाहीत. "माका बरा आसा. पैसे कित्याक घालवतास?" एवढंच म्हणाल्या. आज त्या वॉकर घेऊन चालतात, पण पाऊल बाहेर वळलेलं आहे. डॉक्टरांनी तेव्हा पाहिलं असतं तर काही करता आलं असतं की नाही ते मला ठाऊक नाही. पाहिलं मात्र नाही.

साहेब, हे पत्र लिहायचं खरं कारण ते 'माका बरा आसा' आहे. आमच्याकडे माणसं दुखणं लपवतात. पायाला सूज आली तर धोतर खाली सोडतात. एकाच्या डोळ्याला दिसेनासं झालं होतं, तो चार महिने वर्तमानपत्र समोर धरून बसायचा. पान उलटत नाही हे माझ्या लक्षात आलं म्हणून कळलं. दुखणं सांगितलं की गाडी आली, गाडी आली की फोन आला, आणि फोनवर मुलगा-सून काय बोलतात ते आपल्याला ऐकू येणार नाही अशा बेताने मॅनेजर व्हरांड्याच्या टोकाला जातो. ते टोक आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. तिथे तो उभा राहिला की जेवणघरातली भांडीसुद्धा हळू वाजतात.

आता हिशेब. आमच्यातले एक गृहस्थ डायलिसिसवर होते. आठवड्यातून दोनदा. डायलिसिसला पैसे पडत नव्हते. सरकारचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे आणि गरिबाला त्याचा मोठा आधार आहे. पण गाडीवाला थांबून परत आणायचे दीड हजार घ्यायचा. महिन्याच्या आठ-नऊ फेऱ्या धरा. १२,००० ते १३,५०० रुपये झाले. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा २००७ चा आहे. त्यात न्यायाधिकरण मुलाला जास्तीत जास्त किती निर्वाहभत्ता द्यायला लावू शकतं? महिन्याला १०,००० रुपये. म्हणजे कायद्याने पुरेपूर मिळवून दिलं, तरी त्या माणसाने उपाशी आणि उघड्यावर राहायचं आणि वर दोन ते साडेतीन हजार उसने काढायचे, तेव्हा कुठे त्याला फुकटचा डायलिसिस मिळणार. ते गृहस्थ पुढे मुलाकडे पुण्याला गेले. तिथे रिक्षाने जाता येतं.

त्याच कायद्यात निर्वाह म्हणजे काय याची व्याख्या आहे : अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय देखभाल आणि उपचार. कलम २० मध्ये म्हटलंय की सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्यतो खाटा ठेवाव्यात, वेगळी रांग असावी. वेगळी रांग आहे, मी उभा राहिलोय तिच्यात. रांगेच्या तोंडाशी पोचेपर्यंतचा रस्ता कोणाच्या खात्यात, ते कलम मला सापडलं नाही. आमच्या वाचनालयात बसून दोनदा वाचलं.

एसटीचंच घ्या. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं. मला अभिमान वाटतो. मी स्वतः तालुक्याला जाऊन गोळ्या आणतो, कंडक्टर पोरगा शून्याचं तिकीट देतो, आणि माझं जुनं खातं ऐकून खिडकीची जागा करून देतो. पण एसटीची पहिली पायरी चढायला गुडघा लागतो. ज्याचा गुडघा चालतो त्याला भाडं माफ. ज्याचा चालत नाही त्याने पूर्ण भाडं द्यायचं, आणि आडवा असेल तर तीन सीटचं. हा उरफाटा तिकीटदर मी ३३ वर्षांत कुठल्या टप्प्याला पाहिला नाही.

सरकारला हे सुचत नाही असंही म्हणता येत नाही. २०११ ला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला तेव्हा कोणीतरी शहाण्या माणसाने पूर्ण फेरी लिहिली : बाळंतिणीला घरून दवाखान्यात आणणं, गरज पडली तर पुढच्या दवाखान्यात नेणं आणि बाळासकट घरी सोडणं. तिन्ही मोफत. १०२ ची गाडी त्यासाठीच. आमच्या गावच्या कितीतरी लेकी त्या गाडीतून उतरताना मी पाहिल्यात, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं. आणि २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी या नावाने जी योजना सुरू झाली (आताची महात्मा फुले जनआरोग्य), तिच्या पॅकेजात दवाखान्यातून घरी जायचं एकवेळचं भाडं धरलेलं होतं. एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं. म्हणजे परतीचं तिकीट हा उपचाराचाच भाग आहे हे कागदावर एकदा मान्य झालेलं आहे. फक्त पेशंट आपल्या पायांनी स्टँडवर जाईल असं धरून चाललेत.

ऑक्टोबर २०२४ ला ७० वर्षांवरच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आलं, ५ लाखांचं. ते आमच्याकडे बहुतेकांनी काढलं, प्लास्टिकच्या पाकिटात घालून उशीखाली ठेवलंय. ते चालतं दाखल झाल्यावर. महिन्याच्या तपासणीला, ड्रेसिंग बदलायला, फिजिओथेरपीला, डोळे दाखवायला ते पाकिटातच राहतं. म्हाताऱ्या माणसाच्या दहा खेपांतल्या नऊ या असल्या असतात.

माझी एक पुतणी अमेरिकेत नर्सिंग होममध्ये नर्स आहे. तिला फोनवर विचारलं, तुमच्याकडे गाडीचं कोण देतं. ती हसली आणि म्हणाली, काका, इकडेही याच्यावरूनच भांडणं. मेडिकेअर हा तिकडचा म्हाताऱ्यांचा सरकारी विमा; तो रुग्णवाहिकेचे पैसे तेव्हाच देतो जेव्हा दुसऱ्या कुठल्याही गाडीने नेणं तब्येतीला धोक्याचं असतं. पण गरिबांसाठीचं मेडिकेड आहे, त्यात तातडीचं नसलं तरी दवाखान्यापर्यंत नेण्या-आणण्याची व्यवस्था करणं राज्यांवर बंधनकारक आहे. २०२० च्या डिसेंबरपासून तर ते थेट कायद्यातच लिहिलंय. तिकडचे डॉलर इकडे आणा असं मी म्हणत नाही. प्रश्न तिथेही आला आणि त्यांनी उत्तराची एक ओळ लिहून टाकली, एवढंच. आणि अमेरिका लांब वाटत असेल तर आपल्याच किनाऱ्याने खाली जा. केरळने २००८ ला दुखणाईत माणसांच्या शुश्रूषेचं धोरण केलं, आणि तिथे पंचायती घरोघर जाणाऱ्या नर्सच्या पथकांचा खर्च उचलतात.

दोन शब्द आमच्या मुलांनाही, कारण हे पत्र त्यांच्याही मोबाइलवर पोचणार. तुम्ही वाईट आहात असं मला वाटत नाही. तुमच्यातले बहुतेक जण महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवता. पण प्रवेशाचा फॉर्म भरताना तुम्ही घाईत असता, बापाच्या नजरेला नजर द्यायची नसते म्हणून खाली बघून सह्या करता. (त्या फॉर्मवर मुलाच्या नावापुढे 'पालक' लिहिलेलं असतं. मी तेव्हा हसलो होतो.) पुढच्या वेळी सही करण्याआधी विचारा : दवाखान्याच्या गाडीचं कोण देणार, किती देणार, आणि रात्री दोन वाजता फोन उचलला नाही तर कोणाच्या खिशातून जाणार. आणि संस्थाचालकांनो, हे तीन प्रश्न त्यांनी विचारायची वाट कशाला बघता? फॉर्मवरच छापा. महिन्याला शंभर-दोनशे रुपये गाडीच्या नावाने वेगळे घ्या आणि वेगळ्या वहीत लिहा. ज्याला कोणीच नाही, आणि आमच्यात असे पाच आहेत, त्याचं नाव त्या वहीत सगळ्यात वर असू द्या.

खासगी रुग्णवाहिकावाल्याला शिव्या घालणं सोपं आहे. मी घालणार नाही. तो साडेचार हजार सांगतो कारण आम्हाला सोडून ४० किलोमीटर रिकामा परत येणार. एसटीत याला डेड किलोमीटर म्हणतात, आणि डेपो मॅनेजरची झोप त्यानेच उडते. पावसात घाट बंद पडला तर तो अडकतो. गणपतीत तर त्याला दोष द्यायचीही सोय नाही, कारण त्या दहा दिवसांत चाकी असलेलं जे जे काही असतं ते चाकरमान्यांच्या दिमतीला असतं. पण दर काय असावा हे कुठे तरी लिहिलेलं हवं. प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचे अध्यक्ष तुम्हीच ना, साहेब? रिक्षाचा दर तुमच्याच बैठकीत ठरतो. रुग्णवाहिकेचाही किलोमीटरचा आणि थांबण्याचा दर ठरवा आणि त्या दराचा पत्रा प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या फाटकावर व प्रत्येक वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात लावा. दर ठरलेला असला की गाडीवालाही मोकळा होतो. घासाघीस करणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघणं कोणालाच आवडत नाही.

आता मुख्य मागणी. ती मला सुचली ती कंडक्टर म्हणूनच.

आम्हाला प्रत्येक वेळी रुग्णवाहिका नको. आम्हाला वेळापत्रक हवं. जुन्या काळी आमच्या मार्गावर बाजाराच्या वाराची खास गाडी असायची. ती त्या वारी येणारच म्हणून चार गावच्या बायका कोंबड्या, वांगी, काय काय घेऊन फाट्यावर उभ्या. तसंच तालुक्यातले वृद्धाश्रम आणि घरी अंथरुणाला खिळलेले यांच्यासाठी ठरलेल्या वारी एक गाडी सोडा. खाली उतरणारी फळी, चाकाची खुर्ची आत जाईल अशी, आडवं झोपायला एक जागा. सकाळी आठला निघेल, दोन-तीन आश्रम आणि वाटेतली घरं घेत उपजिल्हा रुग्णालयात दहाला पोचेल, सगळ्यांचं उरकलं की दुपारी परत. रुग्णालयालाही कळवून ठेवा की या वारी म्हातारी माणसं येणार, एक्स-रेवाला त्या दिवशी रजेवर नको. जो साडेचार हजार एका आक्कांसाठी मागत होता, त्याचीच गाडी दिवसभर त्या दरात मिळाली आणि आत सहा माणसं बसली, तर माणशी साडेसातशे होतात. डेड किलोमीटर संपले. नियोजन समितीने त्यातला मोठा वाटा उचलला तर उरलेल्याचं तिकीट करता येईल.

हो, तिकीट करा. फुकट नको. माझ्याबरोबरचे काही जण या मुद्द्यावर माझ्याशी भांडले, पण मी ठाम आहे. एसटीच्या दराने तिकीट ठेवा, ज्याला झेपत नाही त्याचं संस्थेने किंवा समितीने भरावं, पण तिकीट फाडलं जावं. तिकीट हातात असलेला प्रवासी गाडी का आली नाही म्हणून भांडू शकतो. माझी ईपीएस-९५ ची, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली, पेन्शन दोन हजारांच्या आत आहे. २०१४ ला किमान १,००० ठरली, ती अजून तिथेच आहे. तरी महिन्यातून एक तिकीट मी काढीन.

डिस्चार्जचं मात्र वेगळं. दाखल झालेल्या माणसाला ठरलेल्या वाराची वाट बघायला सांगता येणार नाही. तिथे बाळंतिणीचा नियमच लावावा : उपचार योजनेतून झाला असेल तर घरी सोडणंही योजनेतून. १०२ च्या गाड्या मोकळ्या असतात तेव्हा त्यांना हे काम देता येईल का ते तुम्ही बघा. बाळंतीण आली तर अर्थातच तिचा नंबर आधी. आक्का स्वतः सात बाळंतपणं झालेल्या आहेत, त्या कुरकुर करणार नाहीत.

आणि काही खेपा मुळातच वाचतील. रक्तदाब बघायला आणि गोळ्या बदलून द्यायला आम्ही १२ जणांनी जाण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या एका डॉक्टरांनी महिन्यातून एकदा इकडे यावं. सरकारच्या ई-संजीवनीवर व्हिडिओतून डॉक्टर भेटतात म्हणतात. आमच्याकडे रेंज फक्त विहिरीच्या कट्ट्यावर येते, तिथे आम्ही एकाला खुर्चीसकट नेऊन पाहिलं. डॉक्टरीणबाई छान बोलल्या, पण मागे पंप चालू होता.

जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिवही तुम्हीच असता आणि चरितार्थ कायद्याची अंमलबजावणीही जिल्ह्यात तुमच्याच देखरेखीखाली होते. म्हणून हे पत्र दहा खात्यांना न लिहिता तुम्हाला लिहिलं. प्रस्ताव कोणत्या नमुन्यात लागतो ते कळवलंत तर आमच्यात एक निवृत्त तलाठी आहेत, ते भरून देतील. त्यांचं अक्षर सुंदर आहे आणि त्यांना करायला काही नाही.

फेरीचा मार्ग मी पाठच्या कागदावर टप्प्यांसकट काढून दिला आहे. वार तुम्ही ठरवा. मंगळवार आम्हाला चालेल. बुधवार तेवढा नको, त्या दिवशी न्हावी येतो.

आपला,
एक निवृत्त वाहक